सहातली एक

नऊ या आकड्याची मला शिसारी आहे. घड्याळात नऊ वाजले तरी मी मान फिरवते. हसू नका. ज्या आकड्यावर आपण ‘ठीक’ म्हणून बोट ठेवलेलं असतं आणि त्याच्याआड आपल्याच घरातल्या माणसाचे हात निकामी होत असतात, त्या आकड्याकडे बघवत नाही.

मी तृप्ती खैरे. श्रमआरोग्य मोजणी खात्यात संख्याशास्त्राचं काम करते. ही गोष्ट २०४३ सालची, कराडच्या पुढे जी नवी औद्योगिक वसाहत झाली तिथली. जुन्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तिथे ट्रकांनी येऊन पडत. त्या फोडायच्या, आतली काळी भुकटी काढायची, चाळायची आणि पुन्हा नव्या बॅटऱ्यांसाठी पाठवायची. फोडायला यंत्रं होती. चाळायला बायका. का, तर यंत्राच्या चाळणीत भुकटी अडकते आणि बाईच्या हाताला ‘अंदाज’ असतो म्हणे! वा रे अंदाज.

भुकटीला त्या बायका काजळ म्हणायच्या. हे काजळ कातडीतून आत जातं, हाडात मुरतं आणि तिथून हळूहळू नसांना खातं. आधी बोटं थरथरतात. मग पकड जाते. ते किती मुरलंय हे रक्त न काढता कळावं म्हणून घामपट्टी निघाली. मनगटावर एक दिवस बांधायची, ती घाम शोषते आणि आकडा सांगते. पंचवीसच्या आत असलात तर बरं. पासष्टच्या वर गेलात तर औषध देऊनही बोटं परत येत नाहीत. आणि हे औषध दुकानात मिळत नाही. खात्याने एखादी खोली ‘बंद’ ठरवली, तरच त्या खोलीतल्या सगळ्यांना ते सरकारी दवाखान्यात मिळतं.

खोली बंद कधी ठरवायची, हा नियम मी लिहिला. माझ्या या दोन हातांनी.

पट्ट्या बाहेरून यायच्या, मोजक्याच. सगळ्यांना दर महिन्याला बांधणं शक्य नव्हतं. म्हणून मी नमुना ठरवला. मोठ्या कारखान्यात हजार माणसांतली साठ उचलली की सरासरीचा अंदाज झकास येतो. पातेलं नीट ढवळलेलं असेल तर चमचाभर आमटी चाखून मीठ कळतं, तसंच. पण लहान खोल्यांचं काय? मी लिहिलं, ‘सहा कामगार असल्यास तिघांचा नमुना पुरे. सोडतपेटी नावं काढेल. सरासरी पंचवीसच्या वर गेल्यास खोली बंद.’ लिहून झाल्यावर चहा प्यायले. निम्मी माणसं मोजतोय, आणखी काय हवं, असा माझा तोरा.

सहा बायका म्हणजे ढवळलेलं पातेलं नव्हे हो! हे मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

नवतेज नावाच्या कारखान्यातल्या चाळणखोलीत सहाच बायका होत्या आणि त्यांतली एक माझी नणंद, सारिका. लग्न मोडून आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे आली ती आमचीच झाली. माझ्या नवऱ्यापेक्षा माझं तिच्याशी जास्त पटतं. मंगळवारी महिला भजनी मंडळात ती ढोलकी वाजवायची. अशी वाजवायची की भजनाला आलेल्या म्हाताऱ्या फुगडीला उठत.

वर्षातून एकदा, जानेवारीत, सगळ्या सहाजणींची गणती व्हायची. नावं पुसून, नुसते आकडे माझ्याकडे येत. नावं पुसायची हा आग्रहही माझाच. ज्या बाईचा आकडा मोठा तिला मालक कामावरून काढेल, म्हणून. कंपनीला तर हे आकडे दाखवायचेच नाहीत, असं कलम. त्या जानेवारीत आलेले आकडे मला पाठ आहेत. आठ, अकरा, बारा, चौदा, सतरा, अठ्ठावन्न.

बेरीज एकशे वीस, सरासरी वीस. पंचवीसच्या आत. मी ‘सुरक्षित’ म्हणून सही केली.

अठ्ठावन्नवर माझी नजर थांबली नाही का? थांबली. पण म्हटलं, दर महिन्याची सोडत आहे ना, सापडेल. आणि मनात खोल कुठेतरी असंही म्हटलं की सहातली एक, आपलीच कशाला असेल. मग फाइल मिटली.

ऑक्टोबरचा अहवाल आला. चाळणखोली, तिघींची सरासरी नऊ. यंत्राने हिरवा दिवा लावला. यंत्राला फक्त पंचवीसच्या वरचं दिसतं. मीही पुढे जाणार होते, पण हात अडखळला. नऊ?

आता इथे थोडं गणित सांगते, घाबरू नका. पाचवीतलं आहे. सहाजणींतून तिघी निवडायच्या तर किती तऱ्हांनी निवडता येतील? वीस. मोजून वीस, एकही जास्त नाही. गावच लहान असलं की सगळ्या वाटा मोजता येतात. लाखो माणसं असती तर कुठली सरासरी येईल हे नुसतं अंदाजाने सांगावं लागतं. इथे मी एका पाठकोऱ्या कागदावर वीसच्या वीस सरासऱ्या लिहून काढल्या. सगळ्यांत लहान कुठली? आठ, अकरा, बारा यांची. दहा आणि वर थोडं. त्याच्या खाली काही नाही. काजळ हाडात मुरतं, तेव्हा काम चालू असताना आकडा वाढेल, नाहीतर तेवढाच राहील, कमी होणार नाही. म्हणजे नऊ ही सरासरी या सहा बायकांतून येऊच शकत नव्हती. कुठल्याही तिघी घ्या.

एकाच रीतीने येत होती. आठ, पुन्हा आठ, आणि अकरा. एका बाईने दोन पट्ट्या बांधल्या होत्या.

मी जुने महिने काढले. त्या वीस नमुन्यांतल्या बरोबर दहांत अठ्ठावन्नवाली असते आणि ती असली की सरासरी पंचवीसच्या वर जातेच. उरलेल्या दहांत ती नसते आणि खोली पास होते. म्हणजे दर महिन्याला निम्मी-निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. आणि फेब्रुवारीपासूनच्या नऊ महिन्यांत नऊही वेळा पास. लागोपाठ नऊ वेळा छापा पडणं पाचशेतून एकदा होतं. मी नऊ महिने हिरवे दिवे बघत बसले होते आणि जेवण मला व्यवस्थित जात होतं. शी!

संध्याकाळी सारिका कामावरून आली. मोरीत चूळ भरली, ती काळी. हे मी रोज बघायची आणि रोज पाणी ओतायची. त्या दिवशी मी पाणी ओतलं नाही.

ती चहा घेऊन ओट्याशी उभी राहिली. बशीत चहा सांडला. तिने गुपचूप बशी दुसऱ्या हातात घेतली.

“सारिका, मंगळवारी ढोलकी का नाही वाजवलीस गं?”

“कंटाळा आला.”

“तुला? ढोलकीचा?”

“वहिनी, तू घरात पण इन्स्पेक्टर होऊ नकोस हां.” हसली. मग बशीकडे बघत म्हणाली, “ठेका सुटतो. डावा हात मागे राहतो. त्या सुलभाकाकू म्हणाल्या, सारिकाचं वय झालं. चाळीस नाही पुरे मला अजून!”

मी विचारलं, “घामपट्टी तुला शेवटची कधी बांधली?”

“मला? जानेवारीत. सगळ्यांना बांधली तेव्हा.”

“मग सोडतीत तुझं नाव कधी आलंच नाही?”

“आलं की. पाच-सहादा आलं असेल.” आणि मग तिने अगदी सरळपणे सांगितलं. “त्या पट्टीने माझ्या मनगटाला पुरळ येतं ना. पहिल्या वेळेला मी तक्रार केली, तर शेडगेसाहेब स्वतः खोलीत आले. म्हणाले, ताईंना त्रास होतोय तर तुम्ही सांभाळून घ्या, एकमेकींचं करायचं असतं. मुमताजआपा म्हणाली, आण इकडे. तेव्हापासून माझं नाव आलं की आपा नाहीतर कोमल माझ्या वाटची बांधतात. आमच्यात तसंच आहे. रेश्माला दिवस गेले होते तेव्हा तिची पोती मी उचलायची. डबा विसरला तर सगळ्या एकेक घास काढतात. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं! पाच बायकांनी मायेने तिला पुरळापासून वाचवलं आणि कायद्याच्या नजरेतून पुसून टाकलं. त्यांना कोण दोष देईल? पण अभिजित शेडगे, त्या कारखान्याचा सुरक्षा अधिकारी, गोड तोंडाचा, प्रत्येक वाक्यात ‘आमच्या भगिनी’ म्हणणारा, त्याने त्या मायेचाच बोळा करून भोक बुजवलं होतं. मला ओकारी आली. खरंच आली, मोरीत जाऊन आले.

माझ्या बॅगेत तपासणीची एक जादा पट्टी होती. मी सारिकाच्या मनगटाला बांधली. दुसऱ्या दिवशी आकडा आला, एकसष्ट.

पासष्टला चार कमी.

मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे पास का नापास?” मी म्हटलं, “नापास.” तिने पदराने हात पुसले आणि भाकऱ्या थापायला बसली. एक भाकरी परातीतच फाटली.

तो आकडा कुठे चालणार नव्हता. ‘नमुन्याबाहेरचं मोजमाप ग्राह्य धरलं जाणार नाही.’ हे कलमही माझंच. खोटे दाखले येऊ नयेत म्हणून घातलेलं. मी किती हुशार होते बघा.

मी आमच्या खातेप्रमुखांकडे, पंडितसाहेबांकडे गेले. पाठकोरा कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“मॅडम, नऊ म्हणजे चांगलंच की. कमी आलंय.”

“साहेब, येऊच शकत नाही एवढं कमी.”

“पट्टीची चूक असेल. चौकशी समिती नेमू. सहा महिने, आठ महिने. तोवर खोली चालू राहील, नियमाप्रमाणे. नियम तुमचाच आहे.” मग हसून म्हणाले, “आणि तुमची नणंद तिथे आहे म्हणे? मग तर तुम्ही यात न पडलेलंच बरं.”

त्यांच्या टेबलावर काचेखाली देवाचा फोटो होता आणि वर समोशाचं तेल सांडलेलं होतं. मला त्या तेलाची, त्या हसण्याची आणि माझ्या गप्प उठण्याची सारखीच किळस आली.

नोव्हेंबरची पट्टी बांधायला मी स्वतः गेले. म्हटलं, माझ्यासमोर सोडत, माझ्यासमोर पट्ट्या. नाव आलं तर सारिकाच्या हातावर मी बांधीन, पुरळ उठो नाहीतर आग होवो. बघू कोण सांभाळून घेतं ते.

चाळणखोलीच्या भिंतीवर ‘सुरक्षितता हाच आमचा धर्म’ अशी पाटी. तिच्यावर बोटभर काजळ. शेडगे पेढे घेऊन दारात. “या मॅडम, या! आमच्या भगिनी वाटच बघतायत.” पेढ्यावरही काळा थर होता. तो खुशाल खात होता. अर्थात त्याचं ऑफिस पलीकडच्या इमारतीत, काचेच्या आत.

मी सोडतपेटीचं बटण दाबलं. पेटी प्रामाणिक होती, ती मी तपासून आणली होती. तीन नावं आली. कोमल, रेश्मा, मुमताज.

सारिका नाही.

निम्मी शक्यता, मी म्हटलंच होतं. यावेळी कुणीही फसवलं नव्हतं. अगदी शुद्ध, निष्कलंक सोडत आणि खोली पास होणार होती. पुढच्या महिन्यात पुन्हा नाणं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. आणि तोवर हाडातलं काजळ थांबणार होतं थोडंच! त्या क्षणी शेडगेपेक्षा मला माझ्या नियमाचा जास्त संताप आला. लबाडी पकडता येते. हे तर लबाडीशिवायच माणूस मारणारं यंत्र होतं आणि ते मी बांधलं होतं.

शेडगे पेढ्याचा पुडा घेऊन बाहेर गेला. मुमताजआपा, त्या खोलीत सगळ्यांत थोरली, माझ्याजवळ आली. हाताच्या रेषा काळ्या, हात ठणठणीत.

“मॅडम, तुमचं तोंड का असं झालंय? आम्ही पास नाही का?”

मी नियम मोडला. म्हणाले, “आपा, तुमच्या सहाजणींत एकीला औषध हवंय. लवकर. ती नमुन्यात नाही.”

आपाने मागे बघितलं. सारिका चाळणी धरून उभी होती आणि चाळणी तिच्या हातात आपोआपच हलत होती.

“सारिका,” आपा हळूच म्हणाली. “ढोलकी बंद झाली तेव्हाच मला वाटलं होतं. आणि आम्ही मेल्या तिच्या पट्ट्या बांधत बसलो. या अल्ला.” मग तिने विचारलं, “तिघींच्या पट्ट्या तिघींच्याच हातावर आहेत, हे पेटीला कळतं?”

“नाही,” मी म्हणाले. “कळत नाही. बोटाचा ठसा घेऊ नये, असं मीच लिहिलंय.”

“मग तुम्ही चहा पिऊन या.”

मी गेले. त्या काळ्या कँटीनमध्ये मी दोन चहा प्यायले आणि पाठ फिरवून बसले. मी काही सांगितलं नाही, मी काही पाहिलं नाही. ही वाक्यं मी शेडगेच्या तोंडून ऐकली असती तर थुंकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडगेच्या काचेच्या खोलीत पट्ट्या यंत्रात घातल्या. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट. सरासरी एकसष्ट. लाल दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला.

शेडगे खुर्चीतून उडालाच. “हे काय? हे शक्यच नाही! तिघींची सरासरी एकसष्ट? या खोलीत जास्तीत जास्त तीस-बत्तीस येते!”

मी उठून भोंगा बंद केला.

“मॅडम, एकाच बाईने तिन्ही पट्ट्या घातल्यात. उघड आहे. त्या खैरेबाईने. दुसऱ्या कुणाचा एवढा आकडाच नाही!”

“शेडगे,” मी म्हणाले, “या खोलीचे आकडे फक्त माझ्याकडे असतात. नावं तर माझ्याकडेही नाहीत. तुम्हाला जास्तीत जास्त किती येते ते कसं माहीत? आणि कुणाचं किती, ते कसं माहीत?”

त्याचं तोंड उघडं राहिलं. दातात पेढा होता.

“बोला की. तीस-बत्तीसच्या वर शक्य नाही म्हणताय. बरोबर आहे, माझाही हिशेब तोच. मग गेल्या महिन्यातली नऊ कशी शक्य होती? त्या कागदावर तर तुमची सही आहे. लिहा, दोन्ही खोटे आहेत म्हणून लिहा. किंवा दोन्ही खरे म्हणा. तुमची मर्जी.”

त्याने माठातलं पाणी घेतलं. प्यायला नाही, नुसतं हातात धरून बसला. पट्टीला घाम लागतो आणि बायकांचा घाम रोज कंपनीकडे जमा व्हायचा तो एकाच वस्तूत, कंपनीच्या हातमोज्यांत. मी ते चाळणखोलीतून उचलून आणायला सांगितले. अस्तर फाडलं तर प्रत्येक मोज्यात नखाएवढी घामपट्टी शिवलेली निघाली. या माणसाला दीड वर्ष रोज, प्रत्येक बाईचा आकडा कळत होता. सारिकाचा तिसावरून चाळीसवर, चाळिसावरून साठवर चढताना त्याने बघितला होता आणि तो खोलीत येऊन म्हणाला होता, ताईंना त्रास होतोय, सांभाळून घ्या.

मी खोली बंदच्या कागदावर सही केली. त्याच्या खाली लिहिलं, ‘ही सरासरी या सहा कामगारांतून येणं अशक्य आहे. ऑक्टोबरची नऊही अशक्य होती. दोन्ही वेळा मला माहीत होतं. नियम माझा आहे, चौकशी माझ्यापासून सुरू करा.’ आणि एक ओळ, जी नियम लिहिला तेव्हाच लिहायला हवी होती. ‘दहापेक्षा कमी माणसं असतील तर नमुना घेऊ नये. सगळ्यांना मोजावं, आणि ज्याचा आकडा त्याला सांगावा.’

शेडगे निलंबित आहे, असं म्हणतात. मीही आहे. पंडितसाहेब नाहीत.

सहाजणींना सरकारी दवाखान्यात औषध सुरू झालं. पाचजणी पंधरा दिवसांत घरी गेल्या. सारिकाला महिना झाला. मी डबा घेऊन गेले तेव्हा ती खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरत होती. उजवा हात नीट पडत होता. डावा मागून येत होता, कधी येतच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, थोडं परत येईल. किती ते सांगता येत नाही.

मी डबा उघडला. मेथीची भाजी, तिची आवडती. तिने भाकरी मोडली, उजव्या हाताने.

“वहिनी, एक विचारू?”

“विचार की.”

“जानेवारीत आम्हा सगळ्यांना पट्ट्या बांधल्या. ते आकडे तुझ्याकडे आले होते?”

“आले होते.”

“त्यात माझा होता?”

“नावं नव्हती. पण एक अठ्ठावन्न होता.”

ती घास घेऊन थांबली. माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे तुला माहीत होतं, आमच्यात एक आहे. आणि मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर काळी चूळ भरत होते.”

“सहातली एक, सारिका. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

ते उत्तर इतकं घाणेरडं होतं की तोंडातून निघेना. मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाची तरी असेल.

तिला ते न सांगताच कळलं. तिने डबा माझ्याकडे सरकवला. “झाकण लाव. माझ्याच्याने लागत नाही.”

मी झाकण लावलं.